पद्धतीचे शिक्षण आणि शिक्षणाची पद्धती

कोल्हापूर जिल्ह्यात वस्तू घडविण्याच्या दोन रीती दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आधी आराखडा येतो, त्यावरून पॅटर्न तयार होतो, पॅटर्नवरून वाळूचा साचा बनतो आणि सर्वांत शेवटी त्या साच्यात लोखंडाचा तप्त रस ओतला जातो. एकदा रस ओतला की मागे फिरणे नाही. मापात चूक राहिली असेल, तर तो भाग नाकारला जाऊन पुन्हा भट्टीत जातो आणि तोवरची सारी मेहनत वाया जाते. म्हणून तेथील शहाणपण आधीच्या टप्प्यांत साठवलेले असते. जे तपासायचे ते ओतण्यापूर्वी तपासायचे, हा तेथला धर्म.

गुऱ्हाळघरातील रीत निराळी. काहिलीतला रस तापू लागला की गुळव्या मळी काढीत राहतो, भेंडीच्या चिकाने रस निवळून घेतो, जाळ कमी-जास्त करायला सांगतो आणि पाक जवळ आला की त्याचा थोडासा अंश थंड पाण्यात टाकून बोटांनी चाचपून पाहतो. उसाची जात, जमिनीचा पोत, त्या दिवसाची हवा, यांनुसार त्याचा निर्णय बदलतो. तेथे तपासणी हा शेवटचा टप्पा नसतो, ती कामाच्या अंगात भिनलेली असते. फाउंड्रीतील कारागीर आणि गुऱ्हाळावरील गुळव्या यांपैकी कोण श्रेष्ठ, हा प्रश्नच गैरलागू आहे. जसे काम तशी रीत, आणि कोणत्या कामाला कोणती रीत लागू हे ओळखणे, हीच खरी विद्या.

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ नावाचा जो विषय शिकविला जातो, त्याचे हृदय नेमके हेच आहे. कार्यक्रम लिहिणे ही एक गोष्ट. अनेकांनी मिळून, ठरल्या वेळात, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असा कार्यक्रम घडविणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश या गावी नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली होती. मोठमोठ्या संगणकप्रणाली वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि तयार झालेली वस्तू विश्वासार्ह नसते, ही त्या काळातील विवंचना होती. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला जशी शिस्त असते, तशी शिस्त या नव्या क्षेत्राला कशी लाभेल, हा विचार तेथे झाला आणि या विषयाचे नाव तेव्हापासून रूढ झाले.

पुढे १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याने एक निबंध सादर केला. गरजांचा शोध, विश्लेषण, रचना, लेखन, चाचणी आणि वापर असे टप्पे एकाखाली एक उतरत जाणारे एक चित्र त्यात होते. धबधब्यासारखे दिसणारे ते चित्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिरले आणि ‘वॉटरफॉल’ या नावाने अजरामर झाले. गंमत अशी की, रॉइसने स्वतः हा शब्द वापरलेलाच नव्हता. एवढेच नव्हे, तर ते चित्र काढल्यानंतर लगेच त्याने बजावले होते की, अशा सरळ उतरणीच्या मार्गाने जाणे धोक्याचे आहे. कारण चाचणी अगदी शेवटी येते आणि तेव्हा सापडलेली चूक साऱ्या रचनेला मुळापासून हलवते. काम प्रथमच करायचे असेल, तर ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी ते एकदा छोट्या प्रमाणात करून पाहावे, ग्राहकाला आरंभापासून सोबत घ्यावे, असे उपाय त्याने त्याच निबंधात सुचविले होते. पाठ्यपुस्तकांनी पहिले चित्र उचलले आणि पुढची पाने मिटून ठेवली.

जैन घरांत वाढलेल्या मुलाला ही गोष्ट सांगितली, तर तिचा अर्थ समजावून द्यावा लागू नये. वस्तू अनेक धर्मांनी युक्त असते आणि एका नयाने पाहिलेले सत्य हे तेवढ्या नयापुरतेच सत्य असते, ही शिकवण त्याच्या कानावर पाठशाळेपासून पडलेली असते. हत्तीच्या पायाला हात लावून हत्ती खांबासारखा असतो म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो अपुरे बोलत असतो आणि ते अपुरेपण त्याला ठाऊक नसते. रॉइसचे एकच चित्र पाहून त्याचे मत सांगणारे असेच फसले. आणि त्यानंतर दुसऱ्या टोकाला जाऊन, टप्प्याटप्प्याने नियोजन करणे म्हणजे निव्वळ जुनाटपणा असे मानणारेही तसेच फसतात.

त्यानंतरच्या इतिहासात दृष्टिकोनांची भर पडत गेली. बॅरी बोह्म यांनी १९८०च्या दशकात सर्पिल प्रतिमान मांडले. प्रत्येक फेरीत आधी धोका कोठे आहे हे पाहावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे, हे त्याचे सार. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी उद्योगांतील नवनिर्मितीचा अभ्यास करताना, रग्बीच्या खेळाप्रमाणे सारा संघ एकत्र पुढे सरकतो अशा पद्धतीचे वर्णन केले. त्यावरून नाव घेऊन जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ साली ‘स्क्रम’ ही कार्यपद्धती जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जाणकार एकत्र आले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ विचाराचा जाहीरनामा तयार केला. साधनांपेक्षा माणसे, कागदपत्रांपेक्षा चालणारा कार्यक्रम, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि आखलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद यांना त्यांनी अधिक मोल दिले. तथापि ज्यांना कमी मोल दिले, त्या गोष्टीही मोलाच्याच आहेत, असे त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य पुष्कळदा वगळले जाते. ते वगळले की अ‍ॅजाइलचाही एकांतवाद होतो.

इतका सजीव इतिहास असलेला हा विषय वर्गात मात्र बहुधा निर्जीव होऊन बसतो. दोन प्रतिमानांतील फरक सांगा, गुणदोष लिहा, आकृती काढा, अशा प्रश्नांची उत्तरे पाठ होतात. परीक्षेत गुण मिळतात. त्याच विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी गटाने प्रकल्प करावयाचा असतो, तेव्हा त्याने पाठ केलेल्या पद्धतींपैकी एकही त्याच्या उपयोगी पडत नाही; कारण ती पद्धत त्याच्या हातांतून कधी गेलेलीच नसते. आधी कसाबसा कार्यक्रम तयार होतो आणि मग सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात गरजांचा दस्तऐवज, रचनेच्या आकृत्या, चाचणीचे तक्ते लिहिले जातात. जे काम दिशा दाखविण्यासाठी होते, ते वरातीमागून घोडे होऊन येते.

याहून खेदाची गोष्ट म्हणजे तयार प्रकल्प विकत मिळतात. थोडे पैसे मोजले की कार्यक्रम, अहवाल आणि तोंडी परीक्षेतील संभाव्य उत्तरे असे सारे एकत्र हाती येते. असे करणारे सारेच विद्यार्थी आळशी किंवा अप्रामाणिक असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला गावाकडून रोज एस. टी. ने ये-जा करावी लागते, ज्याच्या घरी संगणक नाही, ज्याला पद्धत म्हणजे पाठांतर एवढेच दाखविले गेले आहे, तो शेवटच्या महिन्यात घाबरतो आणि सर्वांत सोपी वाट धरतो. तरीही सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते ज्या घरांत उच्चारली जातात, त्या घरांनी या वाटेला नाव देताना कचरू नये. दुसऱ्याचे श्रम आपले म्हणून दाखविणे हे अदत्ताचे ग्रहण आहेच. शिवाय त्यात मूल स्वतःचेही काही हरवून बसते. पुण्यात हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत पहिल्या दिवशी त्याला कळते की, पदवीच्या कागदावर लिहिलेले काम त्याने केलेलेच नाही. ती लाज कोणालाही सांगता येत नाही.

अशा परिस्थितीत कोल्हापूर परिसरातील एखाद्या महाविद्यालयात हा विषय शिकविणाऱ्या शिक्षिकेची कल्पना करावी. तिच्यापुढे दोन गट उभे आहेत. पहिल्या गटाचा प्रकल्प देखणा आहे. पडद्यावर सारे झळकते, अहवाल सोनेरी अक्षरांत बांधलेला आहे. पण एक ओळ बदलून दाखवा म्हटले की चौघेही एकमेकांकडे पाहतात. दुसऱ्या गटाने एका गावातील दूध संकलन केंद्रासाठी नोंदीचा कार्यक्रम केला आहे. तो अर्धवट आहे. फॅटची नोंद होते, बिल निघते. पण दहा दिवसांचा एकत्रित हिशेब अजून जमत नाही. का जमत नाही हे मात्र त्यांना नेमके सांगता येते, कारण केंद्रचालकाने तिसऱ्या भेटीत आपली मागणी बदलली आणि त्यांनी बदललेल्या मागणीतील अधिक निकडीचा भाग आधी पूर्ण केला. गुणपत्रिकेतील रकाने जुन्या पद्धतीचे असतील, तर पूर्णत्वाचे गुण पहिल्या गटाला द्यावे लागतात. शिक्षिकेच्या मनाला माहीत असते की, शिकला आहे तो दुसरा गट. येथे प्रश्न विद्यार्थ्यांच्या परीक्षेपुरता उरत नाही. तो परीक्षेच्या न्यायाचा होतो.

यावर उपाय वर्गाबाहेर शोधावा लागत नाही. मूल्यमापन वस्तूऐवजी वाटचालीचे होऊ लागले की बरेच काही आपोआप बदलते. सत्राचे साधारण पंधरा आठवडे असतात. त्यांत दोन-दोन आठवड्यांच्या पाच-सहा फेऱ्या सहज बसतात. स्क्रमच्या परिभाषेत अशा फेरीला ‘स्प्रिंट’ म्हणतात आणि ती एका महिन्याहून मोठी नसावी, असा दंडक आहे. प्रत्येक फेरीच्या आरंभी गटाने ठरवायचे, या वेळी काय पूर्ण करू. भिंतीवर किंवा वहीत तीन रकाने करायचे: करायचे, चालू, झाले. ‘झाले’ म्हणजे काय, हेही आधीच लिहून ठेवायचे. माझ्या संगणकावर चालते म्हणजे झाले नव्हे, दुसऱ्याने तपासले म्हणजे झाले. रोज पंधरा मिनिटे उभ्याउभ्या बोलणे विद्यार्थ्यांना शक्य नसते, तर आठवड्यातून दोनदा बोलावे. फेरीच्या शेवटी चालणारा भाग प्रत्यक्ष वापरणाऱ्यापुढे ठेवावा आणि तो काय म्हणतो हे ऐकावे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या ‘गिट’सारख्या साधनात प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहते. कोणी, केव्हा, काय केले, हे त्यात दिसते. पंधरा आठवड्यांची वाटचाल त्या नोंदींत उमटलेली असली की तयार प्रकल्प विकत आणण्यात अर्थ उरत नाही. पहारा न वाढवता प्रामाणिकपणा सोपा होतो, ही या पद्धतीची मोठी देणगी आहे.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कामाच्या वेळेची एक वाटणी सांगितली आहे. एकतृतीयांश वेळ नियोजनाला, फक्त एकषष्ठांश प्रत्यक्ष लेखनाला आणि उरलेला अर्धा वेळ चाचणीला. आपला सारा वेळ लेखनातच घालविणाऱ्या विद्यार्थ्याने हा अपूर्णांक फळ्यावर पाहिला, तर तो चमकतो. आता यंत्रच कार्यक्रमाच्या ओळी लिहून देऊ लागले आहे, तेव्हा तो एकषष्ठांश आणखी लहान होत जाईल. काय घडवायचे हे नीट विचारणे आणि घडले ते बरोबर आहे का हे निरखणे, हे काम मात्र माणसाकडेच राहील. म्हणून पद्धतीचे शिक्षण आज अधिक निकडीचे झाले आहे.

स्क्रममधील प्रत्येक फेरीच्या शेवटी आणखी एक बैठक असते. तिला सिंहावलोकन म्हणावे. काय चांगले झाले, काय चुकले, पुढच्या वेळी काय बदलू, एवढेच तेथे बोलायचे. विद्यार्थ्यांना सर्वांत कठीण जाते ती हीच बैठक. पहिल्या वेळी सारे गप्प बसतात. दुसऱ्या वेळी एकमेकांवर खापर फोडतात. याने वेळेत दिले नाही, तिने सांगितले नाही, केंद्रचालक फोन उचलत नव्हता. येथे जैन कुटुंबातील मुलामुलींजवळ एक वडिलोपार्जित ठेवा असतो. दैवसिक, रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक अशा ठरलेल्या अंतरांनी प्रतिक्रमण करण्याची परंपरा त्यांनी पाहिलेली असते. मागे वळून पाहणे हे संकट आल्यावर करण्याचे काम नसून ते वेळापत्रकात बसविण्याचे काम आहे, हा त्यातील पहिला धडा. दुसरा धडा अधिक खोल आहे. प्रतिक्रमणात आणि आलोचनेत माणूस स्वतःचे दोष पाहतो, शेजाऱ्याचे नव्हे.

अर्थात दोहोंची गल्लत करू नये. प्रतिक्रमण ही आत्मशुद्धीची साधना आहे. सिंहावलोकन ही कामाची व्यवस्था आहे. एकाचे ध्येय मोक्षमार्ग, दुसऱ्याचे ध्येय एक बरा कार्यक्रम. तरीही मनाची जी सवय पहिल्यासाठी लागते, तीच दुसऱ्याला बळ देते. नॉर्मन कर्थ या अभ्यासकाने २००१ साली अशा बैठकींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात पायाभूत नियम असा घालून दिला आहे की, त्या वेळी जेवढे ठाऊक होते आणि जेवढी साधने हाती होती, तेवढ्यात प्रत्येकाने आपल्या परीने उत्तमच केले, असे मानून बोलण्यास सुरुवात करावी. क्षमावणीच्या दिवशी हात जोडणाऱ्या घरांना या नियमाचा भाव परका वाटणार नाही. क्षमेची हमी असेल तरच चूक मोकळेपणाने सांगितली जाते, आणि सांगितलेली चूकच दुरुस्त होऊ शकते.

या मार्गात अडचणी नाहीत असे नाही. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात पंधरा-वीस गट होतात. प्रत्येक गटाची प्रत्येक फेरी पाहणे एका शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे असते. गटात एक राबतो आणि तिघे गुण घेतात, ही जुनी तक्रार आहे. कागदपत्रे कमी म्हटल्यावर काहीच न लिहिण्याला अ‍ॅजाइल म्हणण्याची पळवाटही सापडते. यांपैकी पहिल्या अडचणीवर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गातील गटांना मार्गदर्शन करण्याची सोय करता येते. दुसरीवर गटाचे गुण आणि व्यक्तीचे गुण वेगळे ठेवता येतात. तिसरीवर मात्र शिक्षकाने ठाम राहावे लागते. योजना बदलता येते. पण बदलण्यासाठी आधी योजना असावी लागते. रुग्णाला औषधाची मात्रा देणाऱ्या यंत्राचा कार्यक्रम असो वा रेल्वेच्या सिग्नलचा, तेथे फाउंड्रीची शिस्तच हवी, हेही विद्यार्थ्याला कळले पाहिजे. परिसरातील काही अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्वायत्तता लाभल्यामुळे अभ्यासक्रम आणि मूल्यमापन यांची फेररचना करण्यास पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे. तो वाव वापरणे हे आता शिक्षकांच्या हाती आहे.

करून शिकणे ही कल्पना या मातीला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात वसतिगृहांची जी चळवळ उभी राहिली, तिच्यात १९०१ साली दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील याच बोर्डिंगमध्ये काही काळ राहिले होते. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रमाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणून बसविले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेतील मुलगा शेतात राबत असे, तो केवळ फी भरण्यासाठी नव्हे. स्वतःच्या हातांवरचा विश्वास हा शिक्षणाचाच भाग आहे, ही कर्मवीरांची धारणा होती. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातही ‘कमवा व शिका’ ही योजना चालू आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याने खऱ्या माणसाची खरी अडचण सोडविण्यात सत्र घालविणे, ही त्याच परंपरेची नवी शाखा समजावी.

आणि खऱ्या अडचणींना येथे तोटा नाही. पतसंस्थेचे लहान कर्जखाते, हुपरीतील चांदीच्या कारागिरांना दिलेल्या कच्च्या मालाचा हिशेब, मंदिरातील ग्रंथभांडाराची सूची, पाठशाळेतील मुलांची हजेरी, बोर्डिंगच्या भोजनगृहातील धान्याची नोंद, यांतील प्रत्येक काम चौघांच्या गटाला एका सत्रात पेलणारे आहे. समाजातील संस्थाचालकांनी आणि व्यावसायिकांनी अशा गटाला महिन्यातून दोनदा अर्धा तास दिला, आपल्या गरजा सांगितल्या, आणि हे चुकले, ते आवडले, असे स्पष्ट बोलले, तर त्यांचे ते ज्ञानदानच ठरेल. त्यासाठी त्यांना संगणक येण्याची आवश्यकता नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनाही यात वाटा आहे. मुलगा किंवा मुलगी प्रकल्पाविषयी बोलू लागली की ‘गुण किती मिळणार?’ हा प्रश्न सर्वांत आधी ओठांवर येतो. त्याऐवजी विचारावे: हे कोणासाठी करतो आहेस? त्याने वापरून पाहिले का? मागच्या पंधरवड्यात काय चुकले, आणि आता काय बदललेस? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाजवळ असतील, त्याचा प्रकल्प अर्धवट राहिला तरी त्याचे शिक्षण अर्धवट राहिलेले नाही. आणि ज्याच्याजवळ ती नसतील, त्याला रागावण्यापेक्षा पुढच्या पंधरवड्यात पुन्हा हेच तीन प्रश्न विचारावेत.